पिस्टल श्रिंप आणि गोबी: जोडी आणण्याआधी टाकीचा तळ बांधा

पिस्टल श्रिंप ही कोळंबीची भाऊबंद. तिला धड दिसत नाही, पण ती दिवसभर बीळ खणत असते. गोबी हा छोटा समुद्री मासा. त्याची नजर तीक्ष्ण, पण तसं बीळ त्याला खणता येत नाही. म्हणून दोघं एकाच बिळात राहतात. श्रिंप वाळू ढकलत बाहेर आली की तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपूट थरथरवली की ती जागच्या जागी थांबते किंवा आत पळते, आणि धोका अगदीच जवळ आला तर गोबीही तिच्यामागून आत सूर मारतो. (आपल्या खाडीतले निवटे ही गोबीची दूरची भावकी.) घरच्या रीफ टाकीत (खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळांच्या टाकीत) हे सगळं वीतभर अंतरावरून पाहायला मिळतं. जोडी फसते ती बहुतेक वेळा टाकीच्या तळामुळे, म्हणून पैसे आणि वेळ आधी तिथे घाला.

कोणती जोडी?

पहिल्यांदाच पाळत असाल तर टायगर पिस्टल (ॲल्फियस बेल्युलस, ४-५ सेंमी) आणि यलो वॉचमन गोबी (क्रिप्टोसेंट्रस सिंक्टस, १० सेंमीपर्यंत) घ्या. दोघंही काटक, खाण्यात चोखंदळ नाहीत आणि समोर दिसतात. यांना १०० लिटरच्या आसपासची टाकी द्या. जागा कमी असेल तर कँडी केन पिस्टल (ॲल्फियस रँडली, ३ सेंमी) आणि यशा किंवा हायफिन गोबी ६० लिटरमध्येही सुखाने राहतात. समुद्रातही यशा कँडी केनसोबतच सापडतो, त्यामुळे ही जोडी पटकन जमते. मात्र ती लाजाळू असते आणि यशाला दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला द्यावं लागतं.

एकाच जातीचे दोन गोबी आधीपासून नर-मादीची जोडी असल्याशिवाय टाकू नका, भांडून एक मरतो. दोन पिस्टल श्रिंपचंही तेच.

तळ बांधणे

६० × ४५ × ४० सेंमीची टाकी धरू. क्रम महत्त्वाचा आहे: आधी दगड, मग वाळू. टायगर पिस्टल दगडाखालूनच बीळ नेते. दगड वाळूवर नुसता टेकवलेला असेल तर ती त्याच्याखालची वाळू उपसते, एका रात्री दगड बसतो आणि खाली श्रिंप, गोबी किंवा दोघंही चिरडतात. पुष्कळ जोड्या अशाच मरतात. म्हणून खालचे दगड थेट तळकाचेवर ठेवा, काचेला ओरखडा पडू नये म्हणून मध्ये पातळ प्लास्टिकची जाळी किंवा पीव्हीसीचे तुकडे घाला. वरचे दगड रीफ इपॉक्सीने किंवा जेल सुपरग्लूने जोडा. हाताने हलवून पाहा. हलत असतील तर पुन्हा बांधा.

मग ७ सेंमी जाडीची वाळू. एवढ्या टाकीला साधारण २५ किलो अॅरागोनाइट (टाकीसाठी विकतात ती चुनखडीची वाळू) लागते. एकाच आकाराची बारीक वाळू आणली तर बिळाचं छत टिकत नाही, रोज ढासळतं आणि श्रिंपचा सगळा दिवस डागडुजीत जातो. १-२ मिमी दाण्याची वाळू मुख्य ठेवा, थोडी अर्ध्या मिमीची मिसळा आणि वर किलो-दीड किलो ५ ते १५ मिमीचे तुकडे पसरा: शिंपल्यांचे, रिकाम्या शंखांचे, सिरॅमिक रॉक फोडून काढलेले. श्रिंप हे तुकडे एकेक उचलून बिळाच्या तोंडाशी आणि छताला बसवते. तिचं हे काम तासन्‌तास पाहावं असं असतं.

कोकणच्या किनाऱ्यावरची वाळू यासाठी वापरू नका. तिच्यात काय मिसळलंय ते सांगता येत नाही. मेलेल्या प्रवाळाचे तुकडेही उचलू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली प्रवाळांना संरक्षण आहे आणि ते मेलेल्या तुकड्यांनाही लागू आहे.

बीळ काचेच्या बाजूला हवं असेल तर पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा उभा चिरा. त्याचा अर्धा भाग, उघडी बाजू काचेकडे करून, दगडाच्या पायथ्यापासून तिरका पुरा. बाहेरून त्या जागी काळा कागद लावा. काही आठवड्यांनी कागद हळूच उचलला की आतलं घर दिसतं. श्रिंप तुमची नळी नाकारून शेजारी स्वतःचं बीळ काढील, हेही शक्य आहे. तसं झालं तर तिचंच ऐका.

वेव्हमेकर (पाणी खेळतं ठेवणारा पंप) वाळूपासून निदान १५ सेंमी वर लावा, नाहीतर उपसलेली वाळू पंपात जाऊन इम्पेलर घासतो. झोआ, मशरूम असे कोरल वाळूवर ठेवले तर ते एक तर गाडले जातात, नाहीतर ज्या छोट्या बैठकीवर ते चिकटवलेले येतात त्या फ्रॅग प्लगसकट बिळाच्या दारात बसवले जातात. ते दगडावर चिकटवा.

पाणी आणि उन्हाळा

सॅलिनिटी (खारटपणा, विशिष्ट गुरुत्वात मोजलेला) १.०२५-१.०२६, तापमान २४-२६ अंश, पीएच ८.१-८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १० पीपीएमच्या आत. आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं) पाणीच वापरा. जोडी आणायची ती टाकी सायकल होऊन (म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात वाढून) दोन-तीन महिने स्थिर झाल्यावर.

आपल्याकडे खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. दिवे आणि पंपांच्या उष्णतेने टाकी सहज ३१ अंशांवर जाते आणि पाण्यातला ऑक्सिजन घटतो. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर लावलेला पंखा दोन-तीन अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत त्याचा भरवसा नाही, तिथे १/१० एचपीचा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतो. पंखा चालू असताना बाष्पीभवनाने सॅलिनिटी चढते, त्यामुळे रोज गोड्या आरओ-डीआय पाण्याने पातळी भरा किंवा ते आपोआप भरणारा ऑटो टॉप-ऑफ बसवा. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप तयार ठेवा.

झाकणाला पर्याय नाही. गोबी घाबरला की उडी मारतो आणि दोन बोटांच्या फटीतूनही बाहेर पडतो. ६ मिमी छिद्रांची जाळी फ्रेममध्ये ताणून, वायरींच्या खाचाही बंद करून बसवा.

सोडण्याची पद्धत

दुकानात दोघं एकाच डब्यात राहत असलेली दिसली तर ती जोडी घ्या, अर्धं काम झालं. गोबीचं पोट खपाटीला गेलेलं नसावं आणि तो तुमच्यासमोर खाताना दिसावा. गोबी आधी काही दिवस वेगळ्या टाकीत ठेवून रोग नाही ना ते पाहा, म्हणजे क्वारंटाइन करा. तांब्याचं औषध फक्त तिथेच वापरा. मुख्य टाकीत तांबं गेलं की श्रिंप मरते.

श्रिंपला सॅलिनिटीचा झटका सोसत नाही. ती ज्या पाण्यात आली त्यात टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने दीड तास ड्रिप करा. दिवे बंद करा. मग १ इंची पारदर्शक नळीचं एक टोक तयार बिळाच्या तोंडाशी टेकवून आधी श्रिंप आणि तिच्यापाठोपाठ गोबी त्यातून खाली सोडा. जोडी कधी तासाभरात जमते, कधी तीन आठवडे लागतात. तेवढ्यात दगड हलवून शोधायला जाऊ नका.

नंतरची काळजी

गोबीला मायसिस, ब्राइन श्रिंप (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), बुडणारे बारीक पेलेट्स. श्रिंपसाठी आठवड्यातून दोन-तीनदा लांब पिपेटने पेलेट किंवा मायसिस बिळाच्या दारात सोडा. वाळू सायफन करताना बिळाभोवतीची १५ सेंमी जागा सोडून द्या.

हॉकफिश, ट्रिगरफिश, सिक्स-लाइन रॅस, डॉटीबॅक आणि कोरल बँडेड श्रिंप यांच्यासोबत ही जोडी ठेवू नका. वाळू चाळणारे गोबी आणि सँड-सिफ्टिंग स्टारफिशही नकोत, ते बिळं मोडतात. सेक्सी श्रिंपसारखे चिमुकले श्रिंप पिस्टलचा घास होऊ शकतात.

रात्री काच तडकल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका. श्रिंपची मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो कोसळताना हा आवाज होतो. तुमच्या टाकीची काच याने फुटत नाही.

श्रिंप दोन आठवडे दिसली नाही तर आधी वाळू पाहा. सकाळी नवे ढीग दिसत असतील तर ती जिवंत आहे. बहुधा कात टाकून अंग कडक होईपर्यंत आत बसली असेल. दाराशी दिसणारं पारदर्शक कवच मेलेली श्रिंप समजून हळहळू नका. कात टाकल्यावर मोठी नांगी नसेल तरी चालतं. दुसऱ्या बाजूची छोटी नांगी पुढच्या कातींमध्ये मोठी होत जाते आणि गेलेल्या जागी छोटी उगवते.

गोबी मेला तर श्रिंप फारशी बाहेर येत नाही आणि उपाशी राहू शकते. तेव्हा पिपेटने एक दिवसाआड खाणं द्या आणि नवा गोबी क्वारंटाइन संपताच त्याच नळीने तिच्या दाराशी सोडा.