वेगळे राहताय? मुलाच्या फोनची वेळ कोर्टाच्या कागदावर लिहून घ्या

नवरा-बायको वेगळे झाले की सगळे भांडतात रविवारच्या भेटीवरून, रोजच्या फोनचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये यशिता साहू केसमध्ये म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्याला, खास अडचण नसेल तर, मुलाशी रोज 5-10 मिनिटं बोलता यायला हवं, शक्यतो व्हिडिओ कॉलवर. म्हणून वकिलाला सांगून वेळेसकट लिहून घ्या, आणि बाबा शिपवर किंवा गल्फात असेल (आपल्या गोव्यात असे कितीतरी) तर तिकडची वेळ, नेट नसेल तर व्हॉइस मेसेज चालेल का, तेही घाला.

चवथीचं तर आधीच ठरवा बाबांनो! गणपती मूळ घरात, सगळी भावंडं तिथे, मग ऐनवेळी ओढाताण होते आणि पोर मधल्यामध्ये रडतं.

फोन चालू असताना शेजारी बसून ‘विचार पैसे कधी पाठवणार’ असलं काही पढवू नका. मारहाणीचा प्रकार असेल तर मात्र हे सोडा, आधी कोर्टाकडून देखरेखीखालची भेट मागा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.