सर्व्हायव्हर पूलमध्ये दर आठवड्याचा संघ कसा निवडावा

अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ खेळतात आणि २०२१पासून तिचा नियमित हंगाम १८ आठवड्यांचा झाला आहे. सर्व्हायव्हर पूल म्हणजे या लीगवर अनेक जणांनी मिळून पैसे भरून खेळायची अंदाजांची स्पर्धा. तिच्यात दर आठवड्याला एकच संघ निवडायचा असतो. तो जिंकला तर आपण पूलमध्ये टिकतो, हरला तर बाद होतो आणि एकदा वापरलेला संघ हंगामभर पुन्हा घेता येत नाही. नियम इतकेच असले, तरी बहुतेक जण दर आठवड्याला केवळ ‘सर्वांत भक्कम संघ कोणता’ एवढाच प्रश्न विचारतात आणि तिथेच फसतात. दर आठवड्याला ८० टक्के खात्रीचा संघ मिळाला, तरी अठराही आठवडे तरून जाण्याची शक्यता जेमतेम १.८ टक्के उरते. पूल जिंकायचा तर अठराही आठवडे तरलेच पाहिजे असा हट्ट उपयोगाचा नाही. बाकीचे बाद होत असताना आपण टिकून असणे महत्त्वाचे आहे.

पैसे भरण्यापूर्वी पूलचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावेत. बरोबरी झाल्यास काय, हे विशेषकरून पाहावे, कारण बहुतेक पूलमध्ये बरोबरी म्हणजे पराभवच मानला जातो. २०२२च्या पहिल्याच आठवड्यात इंडियानापोलिस कोल्ट्स आणि ह्यूस्टन टेक्सन्स यांचा सामना २०-२० असा सुटला आणि अशा पूलमध्ये कोल्ट्सवर विसंबलेले लोक सामना न हरताही बाहेर पडले. थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरमधला अमेरिकी सण) आणि ख्रिसमसचे सामने वेगळी फेरी म्हणून धरले जातात का, सगळे एकाच आठवड्यात बाद झाले तर बक्षीस वाटले जाते की त्यांना पुन्हा संधी मिळते, हेही आधीच माहीत असले पाहिजे.

जिंकण्याची शक्यता ठरवताना स्वतःच्या अंदाजापेक्षा सट्टाबाजाराच्या भावावर भर द्यावा, कारण दुखापती, हवामान, प्रवास या साऱ्यांचा हिशेब त्यात बऱ्याच अंशी आधीच आलेला असतो. समजा, एका संघाचा भाव उणे ३०० आहे, म्हणजे १०० डॉलर जिंकण्यासाठी ३०० डॉलर लावावे लागतात. ३०० भागिले ४०० केल्यास ७५ टक्के येतात. प्रतिस्पर्ध्याचा भाव अधिक २५० असेल, म्हणजे १०० डॉलर लावून २५० डॉलर जिंकता येत असतील, तर १०० भागिले ३५० म्हणजे २८.६ टक्के होतात. दोहोंची बेरीज १०३.६ भरते, शंभरावरचा भाग हा बुकमेकरचा, म्हणजे सट्टा घेणाऱ्याचा, नफा असतो. म्हणून ७५ला १०३.६ने भागून १००ने गुणावे आणि संघाची खरी शक्यता सुमारे ७२.४ टक्के धरावी. भाव आठवडाभर बदलत राहतात. मुख्य क्वार्टरबॅक (संघाचे आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) खेळणार की नाही हे स्पष्ट होईपर्यंत निवड नोंदवू नये. मात्र गुरुवारच्या सामन्यातला संघ घ्यायचा असेल, तर मुदत आधी संपते याचे भान ठेवावे.

यानंतर भविष्याचा विचार येतो. उभ्या बाजूला ३२ संघ आणि आडव्या बाजूला १८ आठवडे असा तक्ता करावा आणि ज्या सामन्यांत एखादा संघ सात किंवा अधिक गुणांनी वरचढ मानला जाईल असे वाटते, तेवढ्याच चौकटी रंगवाव्यात. ज्या संघाच्या ओळीत रंगवलेल्या चौकटी बऱ्याच आहेत तो राखून ठेवण्याजोगा, आणि ज्याची एकच चौकट आहे तो त्याच आठवड्यात वापरून टाकावा. मधल्या तुलनेने सामान्य संघाला एखाद्या दुबळ्या पाहुण्याविरुद्ध घरच्या मैदानावर मिळणारी संधी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती वापरल्याने पुढचे फारसे काही खर्च होत नाही. साधारण पाचव्या ते चौदाव्या आठवड्यांदरम्यान प्रत्येक संघाला एक सुट्टीचा आठवडा असतो आणि त्या काळात पर्याय रोडावतात, तेव्हा तक्त्यातले हे आठवडे आधी भरावेत. तरीही उद्यासाठी राखण्यात आजचा बळी देऊ नये: दोन संघांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक असेल तर राखावे, दहा टक्क्यांचा असेल तर भक्कम संघच घ्यावा. तिसऱ्या आठवड्यात बाद झालेल्याला सोळाव्या आठवड्यासाठी राखलेल्या संघाचा काहीही उपयोग नाही.

सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे इतरांची निवड. १०० जणांच्या पूलमध्ये ८० टक्के शक्यतेचा संघ ‘अ’ ५० जणांनी घेतला आहे, ७४ टक्क्यांचा संघ ‘ब’ फक्त पाच जणांनी, आणि उरलेले ४५ जण सरासरी ७० टक्क्यांच्या निरनिराळ्या संघांवर आहेत, असे समजू. ‘अ’ घेतल्यास तो जिंकूनही आपल्यासोबत सुमारे ८५ जण उरतात आणि बक्षिसातला आपला सरासरी वाटा ०.९४ टक्के पडतो. ‘ब’ घेतल्यास मात्र ‘अ’ हरलेल्या आठवड्यात पूल जवळजवळ ३६ जणांवर येतो आणि तोच वाटा सुमारे १.०९ टक्के होतो. सहा टक्क्यांची जोखीम अधिक घेऊनही ‘ब’ फायद्याचा ठरतो. असे आठवडे दुर्मीळ नाहीत. २०२४च्या पहिल्या आठवड्यात भक्कम मानले गेलेले सिनसिनाटी बेंगल्स घरच्या मैदानावर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून १०-१६ असे हरले आणि लगेच पुढच्या आठवड्यात तसेच भक्कम मानले गेलेले बाल्टिमोर रेव्हन्स घरीच लास व्हेगास रेडर्सकडून २३-२६ असे हरले. गर्दीचा संघ जिंकला तर कोणाचेच फार काही बदलत नाही. हरला, तर त्याच्या बाहेर असलेल्यांचे नशीब एका दुपारी पालटते. मात्र ‘ब’ची शक्यता ६२ टक्क्यांवर आली, तर हाच हिशेब उलटतो, केवळ वेगळे दिसावे म्हणून कमकुवत संघ घेण्यात शहाणपण नाही.

अखेरच्या आठवड्यांत एक सावधगिरी हवी. अठराव्या आठवड्यात ज्यांचे प्लेऑफमधले स्थान पक्के झालेले असते ते संघ बऱ्याचदा प्रमुख खेळाडूंना विश्रांती देतात, त्यामुळे वर्षभराची कामगिरी तिथे फसवी ठरते.

पूलमध्ये मोजकेच लोक उरले की प्रत्येकाने कोणते संघ वापरले आहेत याची यादी समोर ठेवूनच निवड करावी. दोघेच उरले असून प्रतिस्पर्धी ७५ टक्क्यांचा संघ घेणार हे जवळपास नक्की असेल, तर गर्दी टाळण्याचा नियम तिथे लागू पडत नाही. तोच संघ घेतल्यास बरोबरीची स्थिती कायम राहते. वेगळेपणासाठी ६५ टक्क्यांचा संघ घेतल्यास एकट्याने जिंकण्याची शक्यता सुमारे १६ टक्के, तर एकट्याने हरण्याची २६ टक्के होते. वेगळा संघ घेणे तेव्हाच परवडते, जेव्हा पुढच्या आठवड्यासाठी आपल्याकडे प्रतिस्पर्ध्याहून चांगला संघ शिल्लक राहत असेल आणि प्रतिस्पर्ध्याच्या यादीतले भक्कम संघ संपलेले असतील.