हरवलेले ग्रीक नाटक तुकड्यांवरून कसे उभे करावे: ‘टेलेफस’चा नमुना

प्राचीन ग्रीक शोकांतिकाकार युरिपिडीसच्या नावावर सुमारे ९० नाटके होती; पूर्ण हाती आली ती १८-१९. उरलेल्यांपैकी एखाद्याचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात ‘टेलेफस’पासून करा. इ. स. पू. ४३८ चे हे नाटक अवतरणे, पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदावरच्या प्रती), विडंबन आणि भांड्यांवरची चित्रे अशा चारही वाटांनी आपल्यापर्यंत पोहोचले आहे. कथा थोडक्यात अशी: मिसियाचा राजा टेलेफस याला ग्रीक योद्धा अकिलीसच्या भाल्याची जखम होते, ती भरत नाही. ज्याने घाव घातला तोच बरा करील, अशी देववाणी होते. म्हणून तो भिकाऱ्याच्या वेषात ग्रीकांमध्ये शिरतो.

आधी आवृत्ती नक्की करा. मूळ ग्रीकसाठी कानिख्टने संपादलेला २००४ चा खंड घ्या. ग्रीक येत नसेल तर लोब मालिकेतले २००८ चे दोन खंड पुरेत, त्यात समोरासमोर इंग्रजी भाषांतर आहे. ‘टेलेफस’चे तुकडे क्रमांक ६९६ पासून सुरू होतात. आकडे ओळीने आले म्हणून प्रसंगही त्याच ओळीने घडले असे धरू नका. बऱ्याच तुकड्यांची जागा संपादकाने अंदाजाने ठरवलेली असते.

मग वहीत पाच रकाने आखा: तुकडा, तो कुठे सापडला, उद्धृत करणाऱ्याने तो का घेतला, बोलणारे पात्र, प्रसंग. शेवटचे दोन रकाने पुरावा मिळेपर्यंत कोरेच ठेवा. इथेच घाई नडते. इ. स. पाचव्या शतकातल्या स्टोबाइअसने विषयवार सुभाषिते गोळा केली, पण बोलणारा कोण हे तो सहसा सांगत नाही. खलपात्राच्या तोंडचे वाक्य त्यामुळे कवीचे तत्त्वज्ञान म्हणून खपते. कोशकार एखाद्या अवघड शब्दापुरतीच ओळ घेतो. त्यावरून कथानक निघत नाही, तसा हट्टही धरू नये.

पपायरसचा पाठ वाचताना खुणांकडे लक्ष हवे. चौकटी कंसातली अक्षरे कागदावर नाहीत, ती संपादकाने भरली आहेत. अक्षराखाली टिंब असेल तर ते अक्षर पुसट आहे. कोनी कंस म्हणजे नकलनविसाने गाळलेले आणि संपादकाने घातलेले. दोन खंजीरचिन्हांमधला पाठ भ्रष्ट. भाषांतरात या खुणा बऱ्याचदा गळतात आणि वाचणारा आधुनिक पंडिताची ओळ युरिपिडीसची म्हणून पाठ करतो! एखादी भर पटत नसेल तर रिकाम्या जागेत किती अक्षरे मावतात ते मोजा आणि वृत्त तपासा. वृत्ताच्या हिशेबात संवादाची ओळ मुळात बारा उच्चारी अक्षरांची (सिलॅबल्सची) असते. कर्ताही पक्का धरू नका. या नाटकाचा बर्लिनमधला पपायरस बराच काळ सोफोक्लीस या दुसऱ्या नाटककाराचा मानला जात होता. इजिप्तमधल्या ऑक्सिऱ्हिंकसचा तुकडा त्याच्याशी जुळला तेव्हा तो ‘टेलेफस’चा ठरला.

सगळ्यात जास्त वेळ विडंबनाला द्या. अॅरिस्टोफेनीसच्या ‘अखार्नियन्स’ या विनोदी नाटकात (इ. स. पू. ४२५) नायक युरिपिडीसकडून टेलेफसच्याच चिंध्या मागून आणतो आणि म्हणतो, “प्रेक्षकहो, भिकारी असून अथेनियनांपुढे बोलतो म्हणून राग धरू नका.” मूळ ओळ, तुकडा ७०३, अशी: “ग्रीकांच्या धुरिणांनो, भिकारी असून थोरांपुढे बोलायचे धाडस करतो म्हणून राग धरू नका.” वाक्याची सुरुवात तशीच ठेवली, श्रोते तेवढे बदलले. ‘अखार्नियन्स’मध्येच कोळशाची टोपली ओलीस धरली जाते, त्याच्याच इ. स. पू. ४११ च्या ‘थेस्मोफोरियाझूसाय’मध्ये बाळ म्हणून धरलेली दारूची पखाल निघते. दोन्ही प्रसंगांचे मूळ म्हणजे टेलेफसने ग्रीक सेनापती अॅगामेम्नॉनच्या बाळाला, ओरेस्टीसला, ओलीस धरणे. मात्र विडंबनातून प्रसंग मिळतो, शब्द जसेच्या तसे मिळतीलच असे नाही.

चित्रे जपून वापरा. टेलेफस आणि बाळ ओरेस्टीस दाखवणारे अथेन्सचे एक भांडे इ. स. पू. ४५० च्या सुमाराचे, म्हणजे या नाटकाच्या आधीचे आहे. एस्किलसनेही ‘टेलेफस’ लिहिले होते. निव्वळ चित्रावरून प्रसंग युरिपिडीसच्या पदरात टाकता येत नाही. व्युर्त्सबुर्गच्या भांड्यावर तर विडंबनातली पखालच रंगवली आहे. हायजिनसच्या लॅटिन कथासारालाही हाच नियम. बाळ उचलायचा सल्ला बाळाच्या आईने, क्लायटेम्नेस्ट्राने, दिला असे तो सांगतो, पण निरनिराळ्या नाटकांचे धागे तो एकत्र गुंफतो, म्हणून दुसरा पुरावा मिळेपर्यंत हा तपशील पेन्सिलीनेच लिहा.

शेवटी प्रसंगांची यादी तीन रंगांत करा: मूळ ओळींचा आधार असलेले, विडंबन किंवा सारांशावरून आलेले आणि निव्वळ तर्काचे. नाट्यवाचन करायचे असेल तर तिसऱ्या रंगातले संवाद रचू नका; निवेदकाकडून दोन वाक्यांत सांगून पुढे जा.

पुढचे नाटक म्हणून ‘इनो’ किंवा ‘पॉलिइडस’ घेणार असाल तर २००८ ची आवृत्ती पुरणार नाही. इजिप्तमध्ये फिलाडेल्फिया इथे २०२२ मध्ये सापडलेल्या पपायरसवर या दोन नाटकांच्या मिळून जवळपास १०० ओळी आहेत. तो पाठ २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.