तारांचे रंग आणि प्लगच्या पिना: या चुका टाळा

भिंतीतल्या तारा आणि उपकरणाची वायर यांचे रंग वेगवेगळ्या पद्धतीचे असतात, हे लक्षात न आल्यामुळे बऱ्याच चुका होतात. आपल्याकडच्या बहुतेक घरांत भिंतीत लाल तार फेजची (वीज आणणारी), काळी न्यूट्रलची (वीज परत नेणारी) आणि हिरवी अर्थिंगची (जमिनीला जोडलेली) असते. मिक्सर किंवा इस्त्रीच्या वायरमध्ये मात्र तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते. यांत सर्वांत फसवी निळी, कारण थ्री-फेज जोडणीच्या घरात लाल, पिवळी आणि निळी या तिन्ही तारांत फेज असतो, आणि प्लगमधली निळी आठवून मीटरजवळची निळी तार निर्धोक समजणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

गोव्यात यात आणखी भर पडते. आखातातून आणलेल्या उपकरणांना बहुधा चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा प्लग असतो आणि त्याच्या आत फ्यूज असतो. तो कापून आपला गोल पिनांचा प्लग बसवला की ते संरक्षण जाते, म्हणून अर्थिंग नीट जोडणारा अडॅप्टर घेणे बरे. जहाजावरच्या नोकरीतून अमेरिकेहून आलेली वस्तू असेल तर जास्त जपावे: तिकडच्या घरांत काळी तारच फेजची असते आणि व्होल्टेज साधारण 120. लेबलवर 230 किंवा 100 ते 240 असे लिहिलेले नसेल, तर ती वस्तू आपल्या सॉकेटला थेट लावूच नये.

चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीवर दिव्यांची माळ सोडताना उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत घालून काडेपेटीच्या काडीने घट्ट करण्याची खोड अजून गेलेली नाही. दहा मिनिटांत प्लग बसतो. मेन स्विच बंद करून तपकिरी तार ‘एल’ला, निळी ‘एन’ला आणि हिरवी-पिवळी ‘ई’ला जोडावी, तारेचे धागे पिळून, दुमडून स्क्रूखाली घ्यावेत. अर्थिंगची तार थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी सुटते.

किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत पितळेवर हिरवट थर चढतो, पकड सैल होते आणि पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडू लागते. असा सॉकेट घासून पुसून न वापरता बदलावा. 2000 वॉटचा गीझर सुमारे 9 अँपिअर ओढतो, त्यामुळे 6 अँपिअरच्या सॉकेटला तो लावला तरी हेच होते.

फ्रीजला हात लावताच मुंग्या येत असतील, तर तो बंद करून प्रथम अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडते तसे अर्थिंगही कमकुवत होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे. मात्र अर्थिंग आणि न्यूट्रल सॉकेटमध्ये एकत्र कधीही जोडू नयेत, कारण न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या अंगातच वीज येते.

पावसात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार पडू लागला की काही जण तो वगळून थेट जोडणी करतात, ही तर सर्वांत घातक चूक. त्याऐवजी सर्व प्लग काढावेत, एमसीबी (प्रत्येक लाइनचे छोटे सुरक्षा स्विच) बंद करावेत, आरसीसीबी वर करून एकेक एमसीबी चालू करत जावे. ज्या एमसीबीला तो पुन्हा पडेल, दोष त्याच लाइनवर. आणि बऱ्याचदा तो फाटकावरच्या, आत पाणी साचलेल्या दिव्यातच सापडतो.