फ्रेम उघडायची घाई नको

उपयोजित कलेचा डिप्लोमा झाल्यावर मी नौपाड्यातल्या एका प्रिंट-फ्रेमिंगच्या दुकानात लागले. वाटलं होतं, दिवसभर प्रिंटरसमोर बसायचं. पहिला पावसाळा आला आणि परत आलेल्या फ्रेमा रांगेनं भिंतीला टेकल्या.

घोडबंदर रोडवरच्या एक काकू आल्या. "अगं, वर्षही झालं नाही आणि हे बघ, बुरशी!" चित्रातल्या गडद काळ्यावर खरंच पांढुरका डाग होता. मी फ्रेम उघडली आणि मऊ फडक्यानं पुसलं. डाग तसाच, फडकं मात्र काळं. मॅट कॉटन रॅगवर, म्हणजे चमक नसलेल्या सुती कागदावर, पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची) कागदात खोल मुरत नाही, वरच्या लेपातच राहते, आणि कोरड्या घासण्यानंही उठते. दुकानातले दादा काही बोलले नाहीत. ते फडकं घडी करून माझ्या टेबलावर ठेवलं, बस.

ती बुरशी नव्हतीच. फ्रेम करतानाच तिथे काहीतरी घासलं गेलं होतं. घासलेला मॅट काळा तिरक्या उजेडात चमकतो, म्हणून पांढुरका दिसतो.

तेव्हापासून फ्रेम बंद असतानाच मी बघायला सुरुवात करते. दिवा घालवायचा, टॉर्च चित्राच्या बाजूला जवळजवळ आडवा धरायचा. घासलेली जागा चमकते, उचललेला पोपडा सावली टाकतो. मग एका डागावर नजर ठेवून डोकं डावी-उजवीकडे हलवायचं. डाग चित्रावरून सरकतोय असं दिसलं, तर तो काचेवर आहे. एवढ्याशा युक्तीनं कितीतरी "फिके पडलेले" फोटो वाचलेत. ग्लॉसी आरसी कागदावरची, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेल्या चकचकीत फोटो-कागदावरची प्रिंट नीट वाळू न देता फ्रेम केली, की शाईतले ग्लायकॉल (सावकाश वाळणारे द्रव) हळूहळू उडतात आणि काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर धरतात. फोटोला काही झालेलं नसतं. काच पुसा, प्रिंटवर साधा कोरा कागद ठेवून निदान एक दिवस वाळू द्या, मग परत बसवा.

माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, न लावता थेट काचेला टेकवलेली प्रिंट मात्र डोकेदुखी. आपल्याकडच्या दमट हवेत लेप काचेला चिकटतो. समोरून ओल्यासारखं चमकणारं, वेड्यावाकड्या काठाचं बेट दिसतं. ओढून काढायला गेलात तर लेप काचेवरच राहील. मी हात लावत नाही, कलासंवर्धकाकडे पाठवा म्हणून सांगते.

पांढऱ्या ठिपक्यांसाठी दहापट भिंग घ्या. तंतूच्या आकाराचा, स्वच्छ कडेचा ठिपका म्हणजे छापताना कागदावर धूळ होती, नंतर ती गळून पडली. छापण्याआधी ब्रश फिरवला असता तर टळलं असतं. कसर लागली असेल तर कडा कुरतडलेल्या, लेप खरवडलेला, आणि मागच्या बॅकिंगवर मिरपुडीसारखी विष्ठा. बुरशीला कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतात.

फ्रेम उघडावीच लागली तर माउंटखाली झाकलेली पट्टी उघड्या भागाशी ताडून बघा. फरक दिसला तर आधी उजेडावर संशय घ्या. यूव्ही टॉर्चखाली झाकलेली पट्टी निळी उजळते आणि मधला भाग उजळत नसेल, तर कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेलं ब्राइटनर संपलंय. शाई शाबूत असू शकते.

निदानापेक्षा अवघड काम पुढे असतं, कारण प्रत्येक निदानामागे खर्च कुणाचा हा प्रश्न येतो. भिंतीला ओल असेल तर गिऱ्हाइकाला ते पटत नाही, चूक आमची असेल तर मालकाला. म्हणून फ्रेम उघडण्याआधी, गिऱ्हाईक समोर असतानाच तिरक्या उजेडात फोटो काढून ठेवा. काकूंच्या वेळी असा एकही फोटो नव्हता. नवी प्रिंट दुकानाच्या खर्चानं गेली, आणि या वेळी माउंट लावून.