प्रिन्स जॉर्जला नव्याने आलात? आधी सरपणाचं बघा

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या या गावात, घर तापवणारी गॅसची भट्टी असलेल्या घरात राहणार असाल तर हे सरपणाचं सगळं तुमच्यासाठी छंदाच्या पातळीवरच आहे. पण आपली बरीच मंडळी इथे दोन-तीन वर्षांत गावाबाहेर एकर-दोन एकराची जागा घेतात आणि त्या घरात लाकडाची शेगडी हमखास असते. जानेवारीत पारा उणे ३० च्या खाली गेलेला आणि त्यात वीज गेलेली, अशा रात्री घर उबदार ठेवणारी ती एकच वस्तू असते. आपल्याकडे बंबात चार ढलप्या सारून अंघोळीचं पाणी तापवलं म्हणजे लाकूड कळलं, असं समजू नका. इथे सहा महिन्यांची बेगमी करायची असते.

माझा पहिला सल्ला ऐकून चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, विकणारे नाराज होतील: पहिल्या वर्षी करवत घेऊच नका. लाकूड विकत घ्या, शेगडी समजून घ्या, शेजाऱ्याबरोबर एकदा जंगलात जाऊन ओझी उचला. करवत दुसऱ्या वर्षी वसंतात. कारण साधं आहे. या हिवाळ्यात जाळायचं लाकूड निदान गेल्या वसंतात फोडून रचलेलं असावं लागतं. ऑक्टोबरात करवत घेऊन जंगलात धावलात तर ओलं लाकूड घरी येईल, धुमसेल, काच काळी करेल आणि धुराड्यात काजळीचा थर चढवेल. तोच थर पुढे पेटतो.

विकत घेताना माप कॉर्डचं. कॉर्ड म्हणजे नीट रचलेलं १२८ घनफूट लाकूड: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब. ‘फेस कॉर्ड’ (कॉर्डचा एक हिस्सा, नेमका किती ते ठरलेलं नाही) किंवा ‘पिकअपभर’ म्हणणाऱ्याला लांबी-रुंदी-उंची विचारा. पिकअपमध्ये नुसतं फेकलेलं लाकूड रचल्यावर बरंच कमी भरतं. पंचवीस-तीस डॉलरचं ओलावा मोजायचं यंत्र मिळतं ते जवळ ठेवा. पण त्याच्या टाचण्या ढलपीच्या वाळक्या टोकात खुपसू नका. ढलपी तिथल्या तिथे पुन्हा फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर मोजा. आकडा २० टक्क्यांच्या आत हवा. विकणाऱ्याला ढलपी फोडू द्यायची नसेल तर काय ते समजून जा.

झाडांचं म्हणाल तर इथे पर्याय मोजकेच. डग्लस फर उत्तम, निखारा टिकतो. बर्च त्याहून सुरेख जळतो, रात्रीसाठी तोच ठेवावा. पण त्याची कागदासारखी साल पाणी आत कोंडून धरते, म्हणून ओंडका न फोडता ठेवला तर वर्षभरात आतून कुजतो. लॉजपोल पाइन पटकन पेटतो, सरळ फुटतो, भरपूर मिळतो. स्प्रूस चालतो, पण तडतडतो. पॉपलर आणि कॉटनवुड फुकट मिळालं तरच घ्या. लोक लार्चचं कौतुक करतात ते बरोबर आहे, पण ते झाड दक्षिणेकडे कूटनी भागातलं. त्याच्यासाठी डिझेल जाळण्यात अर्थ नाही.

शेगडीबद्दल थोडक्यात. घर घेताना विमा कंपनी बहुतेक वेळा ‘वेट’ (WETT, लाकडी शेगड्या तपासणाऱ्यांना मिळणारं प्रमाणपत्र) असलेल्या तपासनिसाचा अहवाल मागते. तो व्यवहाराच्या आधीच करून घ्या. धुराडं वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून घरापासून लांब ठेवा, कारण त्यात निखारे दोन-तीन दिवस जिवंत राहतात. शिवाय हे शहर बशीत बसल्यासारखं खोऱ्यात आहे, थंडीत धूर वर जात नाही. हवेच्या दर्जाचा इशारा लागू झाला की लाकूड जाळण्यावर पालिकेचे निर्बंध येतात, तेवढं पाहून घ्या.

आता जंगल. ब्रिटिश कोलंबियात सरकारी जमिनीवरून घरगुती वापरासाठी लाकूड आणायला परवाना लागतो. त्याचं नाव ‘फ्री यूज परमिट’. खरोखर फुकट आहे आणि ऑनलाइन मिळतो. गाडीत त्याची प्रत ठेवा. हे लाकूड विकता येत नाही, शेजाऱ्यालासुद्धा. वठलेलं किंवा पडलेलं झाडच घ्यायचं, हिरव्याला हात लावायचा नाही. खाजगी जमीन, फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळनिवासींच्या, राखीव जमिनी आणि उद्यानं वर्ज्य. ज्या झाडावर वन्यजीवांसाठी राखल्याची पाटी किंवा घरटं असेल तेही सोडा. आणि रस्त्याच्या कडेला कंपनीने ओळीने रचून ठेवलेल्या ओंडक्यांचा ढीग दिसला की आपलं नशीब उघडलं असं वाटतं. तो ढीग कुणाच्या तरी मालकीचा असतो, तिथून एक खांड उचललं तरी ती चोरीच. तोडणी झालेल्या पट्ट्यात उरलेलं घ्यायचं असेल तर आधी परवानगी विचारा.

खरा धोका मात्र करवतीआधी रस्त्यावर भेटतो. फॉरेस्ट सर्व्हिस रोडवर, म्हणजे जंगलातल्या सरकारी रस्त्यावर, ओंडक्यांनी लादलेले ट्रक धावतात आणि वळणावर तुम्ही दिसलात म्हणून ते थांबू शकत नाहीत. रस्त्याच्या तोंडाशी पाटीवर गाड्यांमधून एकमेकांशी बोलायच्या रेडिओचा चॅनल लिहिलेला असतो आणि पुढे किलोमीटरचे फलक असतात. आकडा वाढत जाणाऱ्या दिशेला ‘अप’, कमी होणाऱ्या दिशेला ‘डाउन’. रस्त्याचं नाव, किलोमीटर, दिशा आणि ‘पिकअप’ एवढं सांगायचं की समोरचा सावध होतो. फोनला रेंज नसते. रेडिओ नसेल तर रविवारी जा, तरीही ट्रक येणारच नाही असं धरून चालू नका. एकट्याने तर जाऊच नये. कुठे जाताय आणि कधी परत येणार हे घरी सांगून निघा, अस्वलाचा स्प्रे कमरेला लावा, गाडीत नको. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर हा वणव्याचा मोसम. फावडं आणि अग्निशामक सोबत हवेत, आणि निघण्याआधी बीसी वाइल्डफायर सर्व्हिसचे (प्रांताच्या वणवा विभागाचे) चालू निर्बंध बघा.

या भागात वठलेली झाडं इतकी का, ते समजून घ्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पाइन बीटल नावाच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किड्याने प्रांतातलं सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगल पोखरलं. हिवाळे सौम्य झाले, किडा थंडीने मरेनासा झाला. त्यातली उभी राहिलेली झाडं वरून कोरडी खडखडीत दिसतात, ठोकली की टणटण वाजतात, पण मुळं कुजलेली असतात आणि शेंडा कधी तुटून डोक्यात येईल याचा नेम नसतो. म्हणून नवख्याने उभं झाड पाडू नये. वाऱ्याने पडलेलं, जमिनीपासून थोडं अधांतरी राहिलेलं पाइन शोधा. ते बहुतेक वेळा वाळलेलंच सापडतं. अर्धवट पडून दुसऱ्या झाडात अडकलेल्याच्या तर खालूनही जाऊ नका.

करवतीचं. दुकानात शिरल्यावर सगळ्यांना मोठी हवीशी वाटते. सरपणासाठी ४५ ते ५० सीसीचं इंजिन आणि १६ किंवा १८ इंची बार (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) पुष्कळ झाला. स्टिल (Stihl) कंपनीची एमएस २५० किंवा हुस्कवर्नाची ४५० रँचर या माझ्या मते घरगुती कामाच्या करवती. दरवर्षी सात-आठ कॉर्ड तोडणार असाल तर स्टिलची एमएस २६१ परवडते. तिची चौकट मॅग्नेशियमची, कंपन कमी, किंमत मात्र चांगलीच जास्त. यापैकी कोणती, यावर इथले लोक हॉकीसारखे भांडतात. मी म्हणेन, ज्या कंपनीचा दुरुस्ती करणारा डीलर तुमच्या घराजवळ असेल ती घ्या. बॅटरीवरच्या करवती अंगणातल्या फांद्यांना छान आहेत. कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि जंगलात चार्जिंग नाही, म्हणून मुख्य करवत पेट्रोलचीच असावी. जुनी घ्यायची तर सायलेन्सर काढून आतला पिस्टन टॉर्चने पाहा. त्यावर उभे ओरखडे दिसले तर ती करवत बहुधा कधीतरी तेलाशिवायच्या पेट्रोलवर चालली आहे, सोडून द्या.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल ५० ला १ या प्रमाणात, आणि जमेल तर इथेनॉल नसलेलं पेट्रोल. साखळीचं तेल वेगळं, ते प्रत्येक वेळी पेट्रोलबरोबरच भरा. करवतीच्या पैशात संरक्षक चॅप्स (पँटवरून पायांना बांधायचं कवच), जाळी आणि कानपट्ट्यांचं हेल्मेट आणि मजबूत बूट धरूनच बजेट करा. चॅप्सच्या आतले धागे साखळी लागताच बाहेर ओढले जाऊन साखळी फिरवणाऱ्या चक्राला गुंडाळतात आणि करवत जागीच थांबते. जीन्स हे करत नाही.

चालू करताना करवत जमिनीवर, साखळीचा ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या मुठीत. हवेत धरून दोरी ओढणारे दिसतील, त्यांचं अनुकरण नको. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशालाही टेकू देऊ नका; तिथूनच करवत उसळून तोंडाकडे येते. ओंडका दोन्ही टोकांना टेकला असेल तर वरून तिसरा हिस्सा कापा आणि उरलेला खालून. एक टोक अधांतरी असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. असं न केल्यास बार अडकतो. अडकलाच तर ओढाताण नको, प्लास्टिकची पाचर ठोका. ती खिशात असायलाच हवी.

आणि धार. करवत मातीला एकदा टेकली की संपलं. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं, ढकलावं लागलं, की धार गेली असं समजा. .३२५ पिचच्या (पिच म्हणजे साखळीच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) साखळीला ३/१६ इंची गोल कानस लागते. बार शिकंज्यात घट्ट धरा, दाताच्या कोनात कानस ठेवा आणि फक्त पुढे ढकला, मागे ओढू नका. एका बाजूच्या प्रत्येक दातावर कानस तीन वेळा फिरवा, मग दुसऱ्या बाजूलाही तीनदाच. एका बाजूला जास्त घासलं की करवत कापताना एका अंगाला वळते आणि तुम्ही झाडाला दोष देता. चार-पाच वेळा धार लावल्यावर दातांपुढचे ठेंगणे दातही सपाट कानशीने मोजपट्टी लावून उतरवावे लागतात. जंगलात टाकी रिकामी झाली की धार, असा नेम ठेवलात तर दिवसभर हात दुखत नाहीत.

घरी आणल्यावर १४ ते १६ इंचांची खांडं करा, पण आधी शेगडीची खोली मोजा. फोडायला आठ पौंडांची कुऱ्हाड पुरते. गाठाळ बर्च उणे वीसला काचेसारखा फुटतो, म्हणून तो थंडीसाठी राखून ठेवतात. ढीग मोठा असेल तर हायड्रॉलिक स्प्लिटर दिवसाच्या भाड्याने मिळतो. दोन-तीन घरांनी मिळून आणला तर एका शनिवारात सगळ्यांचं होतं. रचताना खाली पॅलेट टाका, वरून पत्रा किंवा ताडपत्री घाला, बाजू उघड्या ठेवा. सगळीकडून गुंडाळलेलं लाकूड वाळत नाही, बुरसटतं. रास भिंतीला चिकटवू नका, आणि नोव्हेंबरमध्ये बर्फ पडल्यावर तिथवर वाट काढणं जमेल अशाच जागी ती लावा.