गो-टू माउंट घेताय? आधी पाय बघा, मग मोटर

कोथरूडच्या आमच्या गच्चीवर एकदा शनी लावून ठेवला होता आणि बघायला दहाएक जणांची रांग. तेवढ्यात शेजारच्या काकू टाकीचा कॉक बंद करायला दुर्बिणीशेजारून गेल्या आणि आयपीसमधला (डोळा लावायच्या भिंगातला) शनी कड्यासकट झुलायला लागला. "अहो, हा हलतोय का?" असं डोळा लावून बसलेल्या आजोबांनी विचारलं. दोष काकूंचा नव्हता आणि शनीचा तर नव्हताच. वाकायला नको म्हणून मीच ट्रायपॉडचे तिन्ही पाय शेवटपर्यंत ओढून उंच केले होते.

गो-टू माउंट म्हणजे दुर्बीण पेलणारी आणि निवडलेल्या ताऱ्याकडे मोटरने आपोआप वळवणारी बैठक. दुर्बीण घेताना माणूस आरशाचा व्यास विचारतो, मग हँडसेटमध्ये (माउंट चालवायच्या रिमोटमध्ये) किती हजार वस्तूंची यादी आहे ते विचारतो. ट्रायपॉडचा पाय हातात धरून कोणी पिळून बघत नाही. पण १५० पट मोठं दाखवणारी दुर्बीण हादराही तितकाच मोठा करून दाखवते.

कागदावरचं वजन

माउंट किती किलो पेलतं, हा आकडा कंपनी छापते. नुसतं डोळ्याने बघायचं असेल तर तो चालून जातो. फोटो काढायचे असतील तर मी त्याचा अर्धा, फार तर दोन तृतीयांश धरतो. शिवाय नळीचं नुसतं वजन बघून भागत नाही, तिची लांबीही बघावी लागते. ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन (प्रकाश आत घडी घालून आखूड केलेली) नळी जेमतेम हातभर लांब असते. ८ इंची एफ/५ न्यूटोनियन, म्हणजे साधी आरशाची दुर्बीण, जवळजवळ मीटरभर असते आणि वाऱ्यात शिडासारखी वागते. एचईक्यू५ या मधल्या आकाराच्या माउंटवर पहिली आरामात बसते. दुसरी बसते खरी, पण वारा सुटला की फोटोतल्या ताऱ्यांची अंडी होतात.

उलटी चूकही तितकीच महाग पडते. "एकदाच घ्यायचं तर मोठंच घेऊ" म्हणून लोक त्याहून मोठं ईक्यू६-आर घेतात. ते २० किलो पेलतं, माउंट म्हणून उत्तमच आहे. पण त्याचं नुसतं डोकं (ट्रायपॉडवर बसणारा मोटरांचा भाग) १७ किलोंच्या वर आहे. त्यात ट्रायपॉड आला, दुर्बिणीचा तोल साधणारी पाच-पाच किलोंची काउंटरवेट आली, बॅटरी आली. लिफ्ट नसलेल्या इमारतीत हे सगळं चौथ्या मजल्यावर न्यायला चार खेपा होतात. पहिल्या महिन्यातला उत्साह ओसरला की ते दिवाणाखाली जातं.

म्हणून घेण्याआधी एकदा हात लावून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. अशा ठिकाणी बहुतेक जण आपलं माउंट आनंदाने दाखवतात. परवानगी घेऊन, तारा मध्यावर असताना ट्रायपॉडच्या पायाला बोटाने टिचकी मारा आणि सेकंद मोजा. दोन-तीन सेकंदांत तारा स्थिरावला तर ठीक. पाचाच्या पुढे गेला तर ते माउंट त्या नळीला कमी पडतंय.

आपल्या अक्षांशाची गोची

इक्वेटोरियल माउंट आकाशाबरोबर फिरत तारा धरून ठेवतं, त्यासाठी त्याचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर, कोल्हापुरातून त्याहून खाली. म्हणजे समोरची इमारत, नारळ किंवा नुसती धूळही त्याला झाकायला पुरते. ध्रुव दिसत नाही म्हणून मन मोडू नका. पोलर अलाइनमेंट, म्हणजे हे रोखणं, दुसऱ्या ताऱ्यांवरून करून देणारी सोय बऱ्याच हँडसेटमध्ये असते, ती शिकून घ्या. दिशेसाठी होकायंत्र चालतं, कारण महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. फक्त ते माउंटला चिकटवून धरू नका, पोलादाने सुई फिरते.

दुसरी अडचण कोणी आधी सांगत नाही. यातली बरीच माउंट ४०-५० अंशांवरच्या देशांचा विचार करून बनलेली असतात. आपल्याकडे अक्ष इतका आडवा होतो की काउंटरवेट उत्तरेकडच्या पायाला आपटू शकतं. घेण्याआधी किमान अक्षांश किती चालतो ते विचारा. आपटत असेल तर वजन दांड्यावर वर सरकवा, लागलं तर एक वजन वाढवा, किंवा ट्रायपॉड आणि माउंटच्या मध्ये छोटा खांब घाला.

नुसतं बघायचं असेल तर या भानगडीत पडूच नका. नुसतं वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारं अल्ट-अझिमथ माउंट घ्या. त्यावर लांब एक्सपोजर घेतलं तर चित्र गोल फिरतं, पण डोळ्याला त्याचं काही नाही.

"मोटर बिघडली" म्हणण्याआधी

५ फेब्रुवारीची गोष्ट. रात्री नऊ वाजता अलाइनमेंटसाठी, म्हणजे कुठला तारा कुठे आहे ते यंत्राला पटवायला, व्याध निवडला. तो दक्षिणेला चांगला उंच चमकत होता. दुर्बीण घरघरत निघाली ती थेट पश्चिमेला, खाली, समोरच्या उंच इमारतीतल्या कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या खिडकीवर. मी घाईघाईने झाकण लावलं आणि मोटरला शिव्या घातल्या. नंतर कळलं: हँडसेटला तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना मग दिवस अशी लागते. मी ०५/०२ भरलं होतं, त्याने २ मे समजलं. तारे रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवतात. ८६ दिवसांचे झाले पावणेसहा तास. २ मेला त्या वेळी व्याध खरंच तिथेच, मावळतीला असतो. बिचारं यंत्र बरोबर होतं.

हँडसेटमध्ये तारीख भरतो त्याच पानावर आणखी सापळे असतात. वेळेचा विभाग +५:३०, डेलाइट सेव्हिंग बंद. रेखांशापुढे पश्चिम असेल तर पूर्व करा. फोन पुण्याचा अक्षांश १८.५२ दाखवतो, हँडसेटला अंश आणि कला (अंशाचा साठावा भाग) हव्या असतात, म्हणजे १८ अंश ३१ कला. ५२ भरू नका.

नावांचाही घोळ होतो. आपल्याला ब्रह्महृदय, स्वाती, चित्रा माहीत, हँडसेट कॅपेला, आर्क्टुरस, स्पायका म्हणतो. एक चिठ्ठी करून ट्रायपॉडला बांधा. तारा मध्यावर आणताना शेवटची हालचाल दर वेळी त्याच दोन बटणांनी करा, बहुतेक वर आणि उजवीकडे. गिअरमधली ढिलाई त्याने एका बाजूला बसते.

मध्येच हँडसेट बंद होऊन पुन्हा चालू झाला, मोटर कण्हत फिरली, तर शंभरातल्या नव्वद वेळा वीज कमी पडलेली असते. आतल्या ८ पेन्सिल सेलवर विसंबू नका. १२ व्होल्टचा, माउंटला लागतो तेवढा करंट देणारा अडॅप्टर किंवा बॅटरी घ्या, पिनचा मधला भाग धन आहे ना ते तपासा, आणि वायर आखूड, जाड ठेवा. गाडीच्या सिगारेट लायटरचा प्लग दुर्बीण फिरताना सैल होतो, त्याला टेप मारा.

आणि पाय? ते आता मी पूर्ण आत ढकलून ठेवतो आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बघतो. पावसाळ्यात माउंट सिलिका जेलच्या पुड्यांसकट पेटीत असतं. महिन्यातून एकदा बाहेर काढून दोन्ही अक्ष एकेक फेरी फिरवून घेतो. दारातून काकू विचारतात, "ढगात काय दिसतंय रे?"